माझगावचे चिनी सभागृह

ठाणे-कल्याणच्या गाड्यांना रोज लोंबकळणाऱ्या आपल्या कामगारबंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, सँडहर्स्ट रोडला गाडी बदलून हार्बर मार्गाने एक स्थानक पुढे गेले, की माझगावात एक चिनी देवालय आहे. 1919 साली उभारलेल्या या वास्तूचे नाव ‘सी यिप कून’. ती नीट समजायची, तर आधी चीनच्या खेड्यात गेले पाहिजे.

दक्षिण चीनमध्ये एका आडनावाचे कूळ मिळून पूर्वजांसाठी सभागृह बांधीत असे. पुढे दरवाजाची इमारत, मग उघडा चौक, मधले दालन, पुन्हा चौक, आणि अगदी मागे पूर्वजांची नावे लिहिलेल्या लाकडी पाट्या. आपला दोनचौकी वाडा डोळ्यांसमोर आणावा. मधल्या दालनात कुळाच्या बैठका होत, तंटे मिटत, पंगती बसत. कँटन शहरातील चेन कुळाचे सभागृह 1894 साली पुरे झाले. परीक्षेसाठी शहरात येणारी कुळातील मुले तेथे उतरत.

परंतु जहाजावर चढलेल्या खलाशाला कूळ कोठले? परक्या बंदरात एका आडनावाची पाच माणसे मिळणे कठीण. तेव्हा आडनाव सोडून लोकांनी मुलूख धरला. ‘सी यिप’ म्हणजे कँटनकडील चार परगणे, आणि ‘कून’ म्हणजे त्या मुलखाच्या माणसांचे सभागृह. माझगावात चौकामागून चौक नाहीत. दोन मजले आहेत. खाली खलाशांचा मुक्काम, वर देव. देव क्वान कुंग, तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला योद्धा. त्याने दोन सोबत्यांशी शपथ घेऊन भाऊपण जोडले, अशी कथा आहे. रक्ताचे नाते नसलेल्यांना हाच देव जवळचा वाटावा, यात आम्हांला नवल वाटत नाही.

गोवेकर खलाशांच्या मुंबईतील कुडी किंवा गिरणगावातील कोकणी गावांच्या खोल्या याच जातीच्या. ट्रंक ठेवायला जागा, बेकारीत पथारीपुरता आसरा. युनियनच्या आधीची ही युनियनच म्हणा ना! फक्त दुसऱ्या गावचा माणूस दाराबाहेर राहतो. संघटना बांधताना ही अडचण आम्ही पुरेपूर भोगली आहे.

1962 च्या युद्धात भारतातील सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत कारागीर होते, बायकामुले होती. पुढे अनेक कुटुंबांनी देश सोडला आणि मुंबईतील चिनी वस्तीही ओसरली. माझगावच्या खालच्या मजल्यावर आता खलाशी उतरत नाहीत. चिनी नववर्षाला मात्र उरलेली मंडळी जिना चढून वर येतात आणि उदबत्त्या लावतात.