घनातील वाट : लिथियम आयनांचे वहन

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
१. घन पदार्थातून आयन कसे सरकतात, हे स्पष्ट करता येईल.
२. वहनासाठी रिक्त स्थानांची गरज का असते, हे सांगता येईल.
३. पारिभाषिक संज्ञेचा रूढ अर्थ व शास्त्रीय अर्थ यांतील भेद ओळखता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, ‘घन’ हा शब्द ऐकताच दाट, स्थिर, जागचे न हलणारे असे काहीतरी आपल्या मनासमोर उभे राहते. अशा पदार्थातून विद्युतभार घेऊन कण प्रवास करतात, हे विधान म्हणूनच वदतोव्याघातासारखे वाटते. विज्ञानविषयक गद्य वाचताना शब्दाचा रूढ अर्थ आकलनाच्या आड कसा येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

संज्ञांचा परिचय
‘आयन’ ही संज्ञा मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने रूढ केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘जाणारा’. लिथियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो धनभारित आयन होतो. आपल्या मोबाइलची बॅटरी वापरात असताना हे आयन ऋणाग्राकडून धनाग्राकडे जातात आणि चार्जिंगच्या वेळी परततात. मधल्या माध्यमास ‘विद्युत अपघटनी’ म्हणतात. येथे सावध राहावे. ‘अपघटन’ म्हणजे विघटन. परंतु बॅटरीतील अपघटनीने स्वतः विघटित न होता आयनांना वाट द्यावी आणि इलेक्ट्रॉनांना अडवावे, अशीच अपेक्षा असते.

प्रचलित बॅटरीत हे माध्यम सेंद्रिय द्रवाचे व ज्वलनशील असते. त्याऐवजी न पेटणारा घन पदार्थ वापरता आला, तर बॅटरी अधिक सुरक्षित होऊ शकते. मात्र त्यातून आयन पुरेशा वेगाने गेले पाहिजेत.

आयन सरकतो कसा?
पंधरा अंकांचे सरकते कोडे आपण लहानपणी खेळला असाल. सोळा घरांपैकी एक घर रिकामे असते, म्हणूनच सोंगट्या सरकतात; ते भरले तर सारा खेळ थांबतो. स्फटिकातही असेच घडते. मोठ्या अणूंचा सांगाडा जागेवर राहतो आणि त्यातील पोकळ्यांमध्ये लहान लिथियम आयन बसलेले असतात. शेजारची पोकळी रिकामी असेल तरच आयन तिच्यात उडी घेऊ शकतो.

दोन पोकळ्यांमध्ये एक अरुंद खिंड असते. आयन आपल्या जागी सेकंदाला लाखो कोटी वेळा कंप पावतो, पण खिंड ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याला क्वचितच मिळते. तापमान वाढले की यशस्वी उड्याही वाढतात. म्हणून धातूच्या तारेची वाहकता तापल्यावर घटते, तर घन अपघटनीची वाढते.

रिक्ततेचे गणित
लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम व ऑक्सिजन यांचे गार्नेटसदृश संयुग पाहू. रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई व वर्नर वेपनर यांनी २००७ मध्ये त्याची वाहकता प्रसिद्ध केली. खोलीच्या तापमानाला ती सेंटिमीटरमागे सुमारे ०.३ मिलिसीमेन्स होती. याच संयुगाच्या दुसऱ्या रूपात लिथियमच्या जागा ठरलेल्या व पूर्ण भरलेल्या असतात. तेथे वाहकता शंभरपटीहून अधिक घटते.

वाहक रूप टिकवण्यासाठी थोडे ॲल्युमिनियम मिसळतात. त्याच्या आयनावर तीन धनभार असतात. तो आला की भाराचा तोल राखण्यासाठी लिथियमचे तीन आयन बाहेर जातात. एक जागा ॲल्युमिनियम घेते, दोन रिकाम्या राहतात. येथे रिक्तता हे न्यून नसून वहनाची अट आहे.

सांगाड्यात ऑक्सिजनऐवजी मोठा व अधिक लवचीक इलेक्ट्रॉन-आवरणाचा गंधक असेल, तर लिथियमवरील पकड सैल होते. २०११ मध्ये जपानमधील र्‍योजी कान्नो व सहकाऱ्यांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस व गंधक यांच्या संयुगात १२ मिलिसीमेन्स इतकी वाहकता नोंदवली. ती द्रव अपघटनीच्या तोडीची आहे.

मर्यादा
मग प्रश्न सुटला का? नाही. गंधकयुक्त संयुगे ओलाव्याशी संयोग पावून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. द्रव प्रत्येक छिद्रात शिरतो. दोन घन पृष्ठभाग मात्र मोजक्या बिंदूंवरच टेकतात. शिवाय चार्जिंगच्या वेळी लिथियम धातूचे तंतू स्फटिककणांच्या सीमांमधून वाढत जाऊन कठीण माध्यमही भेदू शकतात आणि दोन्ही अग्रे जोडली जाऊन बॅटरी निकामी होते.

समारोप
घन पदार्थाचा सांगाडा स्थिर असतो. त्यातील प्रत्येक घटक स्थिर असतोच असे नाही. हा भेद ध्यानात आला की ‘घन’ आणि ‘वहन’ या शब्दांतील विरोध आपोआप मावळतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘विद्युत अपघटनी’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ व बॅटरीतील तिचे कार्य यांतील अंतर स्पष्ट करा.
२. ॲल्युमिनियमचा एक आयन आल्याने दोन जागा रिकाम्या कशा होतात, ते आपल्या शब्दांत लिहा.