चिलिकेचं तोंड

चिलिका म्हणायचं सरोवर, पण त्याचा जीव खाडीचा. ओडिशाच्या किनाऱ्यावर दया, भार्गवी या महानदीच्या शाखा उत्तरेकडून त्यात गोडं पाणी आणि गाळ आणतात; भरती समुद्राकडून खारं पाणी आत लोटते. कोळंबी, खेकडे आणि आपला जिताडा (तिथं त्याला भेकटी म्हणतात) जगतात ते या मचूळ पाण्यावर.

किनाऱ्याने वाहत जाणारी वाळू मात्र सरोवराचं तोंड ईशान्येकडे सरकवत राहिली. गाळानं उथळ झालेल्या चिंचोळ्या प्रवाहातून लांबचा वळसा घेताना भरतीचा जोर वाटेतच ओसरायचा. पाणी अळणी झालं, तणांची बेटं पसरली, जाळी रिकामी येऊ लागली. १९८१ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत मानानं गेलेली चिलिका १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या मॉन्त्रो नोंदवहीत गेली.

१९९१ साली स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाचं मला मोठेपण वाटतं ते इथं: वाळू उपसण्याआधी त्यानं पाणी समजून घेतलं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात प्रवाहांची मॉडेलं झाली, नवं तोंड कुठं असावं ते ठरलं. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडाजवळ वाळूचा बांध कापला गेला. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरनं आखूड झाली. १,७०० टनांवर घसरलेली वर्षाची मासळी दोनेक वर्षांत ११,००० टनांपुढे गेली. २००२ मध्ये चिलिका त्या नोंदवहीतून बाहेर आली.

खरं काम तिथून पुढचं, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. बोटी ठरलेल्या ठिकाणी जाऊन खारेपणा, विरघळलेला ऑक्सिजन, पाण्याचा गढूळपणा नोंदतात. काळी-पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहायची. इरावती डॉल्फिन मोजले जातात, समुद्रगवताची कुरणं नकाशावर येतात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराचं प्रगतिपुस्तक बनवणाऱ्या मेरीलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या साथीनं २०१२ मध्ये चिलिकेचंही प्रगतिपुस्तक निघालं. मच्छीमारालाही वाचता येईल असं.

हे मोजणं थांबत नाही, कारण तोंड स्थिर राहत नाही. २०१९ मध्ये फनी चक्रीवादळानं वाळूची पट्टी फोडून आणखी तोंडं उघडली. खारेपणाचं गणित पुन्हा बदललं, आणि बोटी पुन्हा मोजायला निघाल्या.