‘मला तर वेळेवर मिळाले!’

एखाद्या नव्या कॉइनमध्ये पैसे घालू नका असं सांगायला गेलं, की समोरून एक वाक्य हमखास येतं. ‘अहो, मला स्वतःला मिळालेत. चार महिने झाले, ठरल्या तारखेला येतात. स्कीम खोटी असती तर दिले असते का त्यांनी?’ सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, निवृत्तीनंतर हाती आलेली ग्रॅच्युइटी कुठे ठेवायची या चर्चेत, सगळीकडे हेच ऐकू येतं. सांगणारा माणूस खोटारडा नसतो. त्याला पैसे खरोखरच मिळालेले असतात. म्हणून तर त्याचं ऐकून मेहुणा पैसे घालतो, मेहुण्याचं ऐकून मेहुण्याचे शेजारी. हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो प्रामाणिक माणसांच्या तोंडून पसरतो.

कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब करू. शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख रुपये दिले. दरमहा १० टक्के देण्याचं वचन आहे. जमले एक कोटी. त्यातले २० लाख माणसं आणणाऱ्यांचं कमिशन, हॉटेलातले सेमिनार आणि चालकांचा खर्च यांत गेले असं धरा. उरले ८० लाख. दरमहा वाटायचे १० लाख. म्हणजे काहीही धंदा न करता, एक रुपयाही न कमावता, एकही नवा माणूस न आणता आठ महिने शंभरच्या शंभर लोकांना ठरल्या तारखेला पैसे देता येतात, आणि ते त्यांचेच पैसे असतात. यातल्या निम्म्यांनी ‘आत्ता काढत नाही, पुन्हा त्यातच लावा’ म्हटलं, तर आठाचे सोळा महिने होतात. नवे लोक येत राहिले तर आणखी जास्त. तेव्हा चार महिने हप्ता आला यावरून स्कीम खरी आहे हे अजिबात सिद्ध होत नाही. जमा झालेली रक्कम अजून संपलेली नाही, एवढंच त्यावरून कळतं.

हे तंत्र क्रिप्टोपेक्षा खूप जुनं आहे. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के परतावा कबूल केला होता आणि सुरुवातीच्या लोकांना तो चोख दिलाही होता. सुरुवातीला पैसे दिल्याशिवाय अशी स्कीम पसरतच नाही. सुरुवातीचे हप्ते हा त्या धंद्याचा जाहिरात खर्च असतो.

महाराष्ट्राला याचं उदाहरण शोधायला बोस्टनला जायची गरज नाही. ‘गेनबिटकॉइन’ची आठवण पुणेकरांना तरी असायला हवी. अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये सुरू केलेली ही स्कीम. बिटकॉइन विकत घ्या, आमच्या ‘क्लाउड मायनिंग’मध्ये लावा, १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन परत मिळतील, असं वचन होतं. आत लोक आणाल तर कमिशन वेगळं. सीबीआयने २०२५ च्या फेब्रुवारीत देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत दिल्ली, पुणे, बंगळुरू होतीच, शिवाय नांदेड आणि कोल्हापूरही होतं. सीबीआयनेच तेव्हा सांगितलेला क्रम असा: सुरुवातीच्या काळात गुंतवणूकदारांना बिटकॉइनमध्ये पैसे मिळाले. २०१७ मध्ये नवे लोक येणं मंदावलं. मग चालकांनी कुणालाही न विचारता बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं स्वतःचंच टोकन द्यायला सुरुवात केली. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच कमी होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली, २०२२ मध्ये तो वारला, आणि लोकांचे पैसे अजून तपासाच्या कागदांत अडकलेले आहेत.

ते वचनच मुळात तपासून बघायला हवं होतं. बिटकॉइनचं मायनिंग म्हणजे जगभरातल्या यंत्रांची आपसांतली स्पर्धा. साधारण दर दहा मिनिटांनी ठरावीक नवे बिटकॉइन निघतात आणि ते या यंत्रांमध्ये वाटले जातात. यंत्रं वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. शिवाय दर चार वर्षांच्या आसपास नव्या नाण्यांची संख्या निम्मी होते. २०१६ च्या जुलैमध्येच ती २५ वरून १२.५ झाली, म्हणजे गेनबिटकॉइन जोरात असताना. ज्या धंद्यात त्याच यंत्राचं उत्पन्न महिन्यागणिक उतरत जातं, त्यात १८ महिने एकसारखे १० टक्के येणार कुठून? एका बिटकॉइनचे दीड वर्षात १.८ बिटकॉइन करण्याची विद्या ज्याला येते, तो तुमचा एक बिटकॉइन मागायला सेमिनार कशाला भरवेल?

‘बिटकनेक्ट’चंही तसंच. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा, आणि तो कमावून देणारं म्हणे एक सॉफ्टवेअर. अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ही फसवणूक सुमारे २४० कोटी डॉलरची होती. संस्थापक म्हणून ज्याच्यावर आरोप आहेत तो सुरतचा. २०१८ च्या जानेवारीत ही स्कीम बंद झाली, तेव्हा लोकांना त्यांच्या पैशांच्या बदल्यात बिटकनेक्टचंच नाणं टेकवलं गेलं आणि त्या नाण्याचा भाव कोसळला. घेताना बिटकॉइन, देताना घरचं टोकन. दोन्ही ठिकाणी तीच चाल. यापेक्षा मोठा धोक्याचा इशारा मला माहीत नाही. ज्या दिवशी ‘आता पेमेंट आमच्या कॉइनमध्ये होईल, लवकरच तो मोठ्या एक्स्चेंजवर लिस्ट होणार आहे’ असा मेसेज ग्रुपवर येतो, त्या दिवशी तिजोरी रिकामी झालेली असते.

म्हणून ‘तुम्हाला मिळाले का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते ‘हे पैसे आले कुठून?’ आणि सांगणाऱ्याला आणखी एक गोष्ट विचारायची, ती त्याला आवडणार नाही, तरी विचारायची: मी आयडी लावली तर तुम्हाला किती मिळणार? काकांना, भाऊजींना असं विचारणं आपल्याकडे बरं दिसत नाही, आणि या स्कीम चालतात त्या नेमक्या या भिडेवर. पण ज्याचा पुढचा हप्ता तुमच्या जॉइनिंगवर अवलंबून आहे, त्याची साक्ष कितीही सज्जनपणाची असली तरी ती निःपक्ष नसते. कायदाही इथे स्पष्ट आहे. पैसे फिरवण्याच्या स्कीमवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा अशी स्कीम चालवणं तर गुन्हा मानतोच, तिचं सभासद व्हायलाही मनाई करतो. ‘आम्ही तर फक्त ओळखीच्यांना सांगितलं’ हा बचाव फार काळ टिकत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’च्या एका प्रचारसभेवर छापा घातला, तेव्हा १८ जण पकडले गेले. मुख्य सूत्रधार बल्गेरियात होती, पकडले गेले ते इथे सभेत स्कीम विकणारे.

वनकॉइनवरून पुढचा गैरसमज. ‘ब्लॉकचेनवर सगळं उघड नोंदलेलं असतं, मग फसवणूक होईलच कशी?’ ब्लॉकचेनवर असेल तर उघड. वनकॉइनला खरी, कुणालाही तपासता येईल अशी ब्लॉकचेनच नव्हती. अमेरिकी न्याय खात्याच्या म्हणण्याप्रमाणे नाण्याचा भाव कंपनी स्वतःच ठरवायची, आणि तो ०.५० युरोवरून २९.९५ युरोपर्यंत चढत गेला. बाजारातली कुठलीही वस्तू कधीतरी उतरते. जो भाव फक्त चढतो, तो बाजारात ठरलेला नसतो, कुणीतरी कार्यालयात बसून टाइप केलेला असतो. तुमच्या ॲपमध्ये दिसणारी ‘१२ लाख’ ही रक्कमही अशीच टाइप केलेली असू शकते. बँकेच्या खात्यात येत नाही तोवर ती फक्त एका वेबसाइटवरची अक्षरं आहेत. वनकॉइनची रुजा इग्नाटोवा २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेपत्ता झाली. २०२२ पासून ती एफबीआयच्या पहिल्या दहा फरारींच्या यादीत आहे. घोटाळ्याचा आकडा सुमारे ४०० कोटी डॉलर सांगितला जातो.

ब्लॉकचेन खरी असली तरी तिचा उपयोग तपासणाऱ्यालाच होतो. टोकन इथेरियमवर असेल तर इथरस्कॅनवर त्याचा पत्ता टाका आणि ‘होल्डर्स’ची यादी उघडा. पहिल्या चार-पाच पत्त्यांकडेच बहुतेक टोकन साठलेली दिसली, आणि ते पत्ते कुणाचे हे कुणी सांगत नसेल, तर ते लोक एका दुपारी सगळं विकून भाव शून्यावर आणू शकतात. दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे: थोडी रक्कम विकून बघा. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ या गाजलेल्या मालिकेच्या नावाचा फायदा घेत एक टोकन आलं. मालिकेशी त्याचा काही संबंध नव्हता. आठवडाभरात त्याचा भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि मग काही मिनिटांत शून्याजवळ आला. लोकांना ते विकत घेता येत होतं, विकता येत नव्हतं. भाव वर जात होता त्यामागे हेही एक कारण होतं.

‘सरकार ३० टक्के कर घेतं, म्हणजे मान्यता आहे.’ हे तर रोज ऐकायला मिळतं. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, हे खरं. पण बेकायदा धंद्यातलं उत्पन्नसुद्धा प्राप्तिकराच्या कक्षेत येतं, आणि कर लावला म्हणजे कायदेशीर ठरवलं असं नाही, हे अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षी राज्यसभेत सांगितलं होतं. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचाही असाच दाखला देतात. कोर्टाने रिझर्व्ह बँकेचं बँकांवर बंधनं घालणारं परिपत्रक रद्द केलं, कुठल्याही कॉइनला प्रमाणपत्र दिलं नाही. कंपनीची नोंदणी, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र हे तर कुणालाही मिळतं. तुमच्याकडून ठेवी गोळा करायची परवानगी त्यांतून मिळत नाही.

‘मोठे लोक जाहिरात करतात.’ पैसे घेऊन करतात. ‘सेंट्रा टेक’साठी बॉक्सर फ्लॉइड मेवेदर आणि डीजे खालिद यांनी प्रचार केला. मानधन मिळाल्याचं लपवलं म्हणून २०१८ मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने दोघांवर कारवाई केली. त्या कंपनीचा सीईओच काल्पनिक होता, फोटो दुसऱ्याच कुणाचा. ‘मिरोस्की’ नावाच्या एका प्रकल्पाने तर ग्राफिक डिझायनर म्हणून चक्क अभिनेता रायन गॉसलिंगचा फोटो लावला होता. टीमच्या पानावरचा फोटो गूगलवर उलटा शोधायला एक मिनिटही लागत नाही.

‘त्यांचा व्हाइटपेपर ६० पानांचा आहे.’ २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने १,४५० प्रकल्पांची कागदपत्रं तपासली, तर २७१ मध्ये चोरलेला मजकूर, हमखास परताव्याची वचनं किंवा खोटी माणसं सापडली. मधलं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधून बघा.

‘ऑडिट झालंय.’ ऑडिट कोडचं होतं, माणसांचं नाही. तुमचे पैसे मालकांच्या खात्यात गेल्यावर ते त्यांचं काय करतील, हे कोड तपासणारा सांगू शकत नाही.

‘अडाणी लोकच फसतात.’ हिमाचल प्रदेशात २०२३ मध्ये उघड झालेल्या क्रिप्टो घोटाळ्यात पोलीस दलातल्याच अनेक कर्मचाऱ्यांनी पैसे घातले होते, आणि पोलीस आत आहेत म्हटल्यावर त्यांच्याकडे पाहून गावंच्या गावं आत गेली.

‘मग टोकन काढून पैसे उभारणं म्हणजे फसवणूकच?’ तेही खरं नाही. २०१४ मध्ये इथेरियमने इथर विकून ३१ हजारांहून अधिक बिटकॉइन उभे केले आणि त्यातून आज जग वापरतं ते जाळं उभं राहिलं. त्यांनी दरमहा परतावा कबूल केला नव्हता, डाउनलाइन मागितली नव्हती, आणि कोड सगळ्यांना वाचता येत होता. प्रामाणिक प्रकल्पही बुडतात. पण प्रामाणिक प्रकल्प ठरावीक टक्केवारीची हमी देत नाही, आणि ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्याला काढून टाकत नाही.

पैसे आधीच अडकले असतील तर दोन गोष्टी लगेच करा. आणखी एक रुपयाही भरू नका. ‘विड्रॉलसाठी आधी टॅक्स भरा’, ‘खातं अनलॉक करायला फी लागेल’, किंवा काही महिन्यांनी अनोळखी नंबरवरून येणारं ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो’ ही दुसरी फसवणूक असते, बरेचदा त्याच लोकांची. कर सरकारकडे भरतात, स्कीमच्या वॉलेटमध्ये नाही. आणि १९३० या क्रमांकावर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे नुकतेच गेले असतील तर तासातासाचा फरक पडतो, कारण बँक खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येते. वॉलेटचे पत्ते, व्यवहारांचे हॅश, बँकेच्या नोंदी, ग्रुपवरचे मेसेज, ज्याने आणलं त्याच्याशी झालेलं बोलणं, सगळ्याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. ग्रुप आणि वेबसाइट दोन्ही रातोरात नाहीशा होतात. तक्रार केली तर आणणारे काका अडचणीत येतील म्हणून अनेक जण गप्प बसतात. तोवर काकांच्या मागून आणखी लोक आत गेलेले असतात.