स्वतःच प्रकाशक होताना

लेखकच प्रकाशक झाला की पहिलं काम आयएसबीएनचं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय एजन्सी तो ऑनलाइन अर्जावर देते, तोही फुकट. पैसे मागणारा मध्यस्थ भेटलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी ऐच्छिक.

खरी डोकेदुखी डीटीपीची. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात. रहस्यकथेतल्या ‘सुऱ्या’ ‘सुर्या’ होतात आणि खुनाचं हत्यारच बदलतं! म्हणून या टप्प्यानंतरचं मुद्रितशोधन नव्यानं, आणि लेखकाखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं. छपाई बहुधा १६ पानांच्या फॉर्मात चालते. मजकूर १७६ ऐवजी १७७ पानांवर गेला, तर पुढचा फॉर्म, निदान अर्धा तरी, धरावा लागतो. त्यापेक्षा एखादं निसर्गवर्णन छाटलेलं स्वस्त पडतं (आणि बरंही).

ई-बुकसाठी ॲमेझॉनचं केडीपी मराठी स्वीकारतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी, तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ती ई-आवृत्ती इतरत्र विकता येत नाही. एरवी ३५ टक्के.

छापील पुस्तकाबाबत हौशी प्रकाशक एक गोष्ट हमखास विसरतात. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रत पाठवायची असते.