रविवर्म्याचे सागर-गर्वहरण : क्षुब्ध समुद्राच्या चित्रणाविषयी काही विचार

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील अभ्यासकापुढे सागरचित्राचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. येथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. खडकावर आदळणारे पाणी म्हटले की येथील माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पावसाळ्यातील वैनगंगेचा पूर. तथापि, याच कारणाने एक मूलगामी प्रश्न येथे अधिक स्पष्टपणे विचारता येतो. ज्याने समुद्र पाहिलेला नाही, त्यालाही चित्रातील समुद्र खवळलेला आहे हे कशावरून प्रतीत होते? राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या एका तैलचित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे चित्र म्हैसूर दरबारासाठी काढलेल्या पुराणचित्रांपैकी असून ते रविवर्म्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या काळातील आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात ते आहे. खडकाळ किनाऱ्यावर धनुर्धारी राम क्रुद्ध होऊन उभा आहे; आकाश काळवंडले असून वीज चमकत आहे; आणि उसळत्या लाटांतून वरुण आपल्या स्त्रियांसह वर येऊन अभयाची याचना करीत आहे. प्रसंग रामायणाच्या युद्धकांडातील आहे. तीन रात्री दर्भशय्येवर पडून प्रार्थना करूनही समुद्र प्रकट होत नाही, तेव्हा राम धनुष्य उचलतो. वाल्मीकींच्या कथेत सागर स्वतःच मूर्तिमंत होऊन येतो; चित्रात त्याची ओळख वरुण या नावाने रूढ झाली आहे.

प्रथम लाटेचा विचार करू. खोल पाण्यात लाट पुढे सरकते, पाणी मात्र बहुतांशी जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. तळ उथळ होऊ लागला की लाटेचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि अखेर तिचा माथा पुढे झुकून कोसळतो. वाळूच्या उतारावर तिची शक्ती क्रमाक्रमाने विरते. उभ्या खडकावर मात्र ती परत फेकली जाते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात व पाण्याचे अनियमित सुळके उठतात. फेस पांढरा दिसतो तो त्यातील असंख्य बुडबुड्यांनी प्रकाश सर्व दिशांना विखुरल्यामुळे. चित्रकाराला खडकाची गरज का भासते, हे यावरून ध्यानात येईल. वारा दिसत नाही, वेगही चित्रात दाखविता येत नाही. परंतु अचल वस्तूवर झालेला आघात दाखविता येतो. खडक हे वादळाचे माप होय. हे माप नदीकाठच्या प्रेक्षकालाही परिचित असल्यामुळे समुद्र न पाहताही त्याला त्याचा क्षोभ कळतो.

अशा चित्रणाची परंपरा युरोपात अठराव्या शतकात व्हेर्नेच्या जहाजफुटीच्या चित्रांतून दृढ झाली आणि पुढे टर्नरने ती पराकोटीस नेली. त्या चित्रांत मनुष्य क्षुद्र व असहाय असतो. निसर्गाच्या प्रचंडतेने मन दडपून जावे, हाच तेथील रसाचा गाभा आहे. रविवर्म्यांनी तैलरंग, छायाप्रकाश आणि यथार्थ दर्शनाची पद्धती ही साधने त्याच परंपरेतून घेतली; परंतु त्यांच्या चित्रात नाते उलटले आहे. येथे मनुष्यरूप खडकावर स्थिर आहे आणि भयभीत झाला आहे तो समुद्र.

या उलटापालटीतूनच चित्राची खरी अडचण उद्भवते. एकच समुद्र येथे दोनदा येतो : एकदा भौतिक जलराशी म्हणून आणि एकदा देहधारी व्यक्ती म्हणून. पहाडी लघुचित्रांत पाणी लयबद्ध वक्ररेषांनी दाखविले जाते. तेथे पाणी हेच मुळी एक चिन्ह असल्याने त्यातून देवता वर आली तरी खटकत नाही. उलट जेथे लाट हुबेहूब रंगविली आहे, तेथे तिच्यातून उठणारा मुकुटधारी पुरुष नाटकातील पात्रासारखा वाटण्याचा धोका असतो. रविवर्म्यांच्या पौराणिक चित्रांवर नाटकीपणाचा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या दोन भाषांच्या संघर्षात आहे.

तो आक्षेप येथे पूर्णपणे लागू पडतो असे मात्र म्हणता येत नाही. वाल्मीकींच्या वर्णनात अंधार दाटतो व उल्का चमकतात त्या रामाने धनुष्य ओढल्यावर. हे वादळ ऋतुमानाचे नसून क्रोधाचे कार्य आहे. म्हणजेच चित्रातील निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी नव्हे, तो कथेचाच अंश आहे. वादळ जितके खरे वाटेल तितका क्रोध खरा वाटेल. वास्तवदर्शन येथे पुराणाच्या विरोधात न जाता त्याच्या सेवेस लागले आहे.

एक तपशील शेवटी नमूद करावासा वाटतो. रामायणात सागर प्रकट होतो तो गंगा, सिंधू इत्यादी नद्यांनी वेढलेला. वरुणाभोवतीच्या स्त्रियांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्या केवळ शोभेच्या परिवारस्त्रिया राहत नाहीत. त्या नद्या ठरतात. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते आणि गोदावरी पूर्वसमुद्रास. ज्या समुद्राला येथील अभ्यासकाने पाहिले नाही, त्याच्या परिवारात त्याच्या घरची नदीही आहे.