एकेचाळीस बाइटांची ब्रँच

लिनक्स कर्नलमध्ये हजारो फाइली आहेत. त्यावर कोणी नवी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढली, तर आवृत्त्या सांभाळणारं गिट किती मजकूर कॉपी करत असेल? फक्त ४१ बाइट! खोटं वाटत असेल तर प्रोजेक्टमधलं लपलेलं डॉट-गिट फोल्डर उघडा, त्यात रेफ्स, त्यात हेड्स. तिथे ब्रँचच्या नावाची एक फाइल असते. आत ४० अंक-अक्षरं आणि ओळ संपल्याची खूण. झाली ब्रँच.

ती ४० अक्षरं म्हणजे एका कमिटचं, म्हणजे प्रोजेक्टच्या एका साठवलेल्या अवस्थेचं नाव. हे नाव कोणी ठेवत नाही, ते मजकुरातूनच निघतं. फाइल असेल तर गिट तिच्या मजकुराला प्रकार आणि लांबी जोडतं आणि सगळं शा-वन या गणितातून काढतं. त्यामुळे रिकाम्या फाइलचं नाव हिंजवडीत आणि हेलसिंकीत एकच: सुरुवात ‘ई६९डीई२९’. कोणी कोणाला विचारलेलं नाही, तरी एकच! (२०१७ मध्ये संशोधकांनी एकच शा-वन असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, गिटने त्यानंतर बंदोबस्त केला.) फाइलला आपण दिलेलं नाव या हिशेबात नसतं, म्हणून तोच मजकूर दहा फोल्डरांत असला तरी साठवला जातो एकदाच.

एकच फाइल अनेक ठिकाणी वापरण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सोर्ससेफ या आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेअर, पिन आणि ब्रँच अशा तीन वेगळ्या सोयी होत्या. फाइल दोन प्रोजेक्टांत शेअर केली की इकडचा बदल तिकडेही दिसायचा. सोयीचं खरं, पण शेजाऱ्याच्या सुधारणेने आपलं बिल्ड मोडायचं. मग आपल्याकडची आवृत्ती पिन करायची, नाहीतर ब्रँच काढून फारकत घ्यायची.

२००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं आणि हा प्रश्नच उलटा केला. इथे साठवलेली प्रत्येक गोष्ट जन्मतःच पिन झालेली असते. एक स्वल्पविराम बदला, नाव बदलतं. टॅग एका कमिटवर बोट ठेवून थांबतो, ब्रँच प्रत्येक नव्या कमिटबरोबर पुढे सरकते. सबमॉड्यूल तर दुसऱ्या रेपॉझिटरीतलं एकच कमिट धरून बसतं.

शिवाय पहिलं सोडून प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचं नाव असतं. त्यामुळे मागची एक ओळ जरी गुपचूप बदलली, तरी तिथून पुढची सगळी नावं बदलतात. ब्रँचच्या एवढ्याशा फाइलमागे अख्खा इतिहास असा साखळीने बांधलेला असतो, हे मला सगळ्यात अद्भुत वाटतं.

ब्रँच म्हणजे फक्त कमिटकडे दाखवणारी खूण, म्हणूनच ती चुकून उडवली तरी लगेच छाती पिटायचं कारण नाही. नाव गेलं, कमिट सहसा काही आठवडे शाबूत असतात. गिटच्या रिफ्लॉग या नोंदवहीत शेवटचं कमिट शोधायचं आणि त्यावर पुन्हा ब्रँच काढायची.