शासनाचे संरक्षण, न्यासाची खाट आणि देणगीचे स्थान

शासन आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी देत असताना धर्मादाय रुग्णालयाला देणगीची गरज काय उरली, अशी पृच्छा आमच्या काही हितचिंतकांनी केली आहे. प्रश्न रास्त आहे. नायगावसारख्या ठिकाणी कष्टाने मिळवलेला पैसा देणाऱ्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण विधिमंडळात होणारे कायदे, मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय आणि आपल्या नोंदणी खिडकीवर उभा असलेला रुग्ण यांच्यामध्ये बरेच अंतर असते. ते अंतर कोठे व किती आहे, हे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांस कळावे, या हेतूने हा लेख अहवालात समाविष्ट केला आहे.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्य सूचीतील विषय आहे. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा प्रथम अधिकार मुंबईत व नागपुरात भरणाऱ्या आपल्या विधिमंडळास आहे. परंतु गरीब रुग्णास आज मिळणारे संरक्षण दोन अगदी निरनिराळ्या उगमांतून येते. एक आहे शासनाची योजना व दुसरा आहे न्यासांविषयीचा कायदा. सर्वसामान्य माणूस या दोहोंची गल्लत करतो आणि त्या गल्लतीचा त्रास त्यालाच होतो.

प्रथम योजनेविषयी. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू व मज्जारज्जूच्या गंभीर आजारांसाठी साहाय्य देणे, एवढीच तिची व्याप्ती होती. तिची जागा पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. २ जुलै २०१२ रोजी ती प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली व त्या आठांत आपला नांदेड जिल्हा होता, याची आठवण येथे मुद्दाम देतो. मागासलेपणाच्या यादीत मराठवाड्याचे नाव नेहमीच आधी येते, सोयीच्या यादीत क्वचित. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा आणि ९७१ उपचार व शस्त्रक्रियांची यादी, असे तिचे स्वरूप होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती संपूर्ण राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिचा मेळ घालून दोन्ही एकत्रित राबवण्यास सुरुवात झाली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेली व सर्व शिधापत्रिकाधारकांचा समावेश केला. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. तत्पूर्वी मुख्यत्वे पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेच पात्र होती. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे नांदेड व लातूरमध्येही, पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना मात्र आधीपासून त्यात घेतले होते.

आता जी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती सांगतो. ही संपूर्ण योजना विधिमंडळाने संमत केलेल्या एखाद्या अधिनियमावर उभी नाही. ती शासन निर्णयांवर आणि अर्थसंकल्पातील तरतुदीवर उभी आहे. आमदार तिच्यावर चर्चा करतात ती अर्थसंकल्पी व पुरवणी मागण्यांच्या वेळी, किंवा लक्षवेधी सूचना व तारांकित प्रश्नांच्या द्वारे. शासन निर्णयाने दिलेली सोय शासन निर्णयाने वाढते, बदलते आणि थांबूही शकते. रुग्णास त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी कायद्याचे कलम हाताशी नसते. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा संमत केला. त्या वेळी खासगी डॉक्टरांनी तीव्र आंदोलन केले. आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार करायचे, तर त्यांचे पैसे कोण व केव्हा देणार, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. अंमलबजावणीचे बिकट प्रश्न तेथेही आहेतच. तथापि हक्क आणि सवलत यांतील भेद त्या वादामुळे सर्व देशासमोर आला. महाराष्ट्रानेही या वाटेने जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्या कायद्यात खर्चाच्या प्रतिपूर्तीची मुदतही लिहिलेली असावी. देयके वेळेवर न मिळाल्यास ग्रामीण भागातील लहान रुग्णालय औषध विक्रेत्यांची उधारी किती काळ वाढवणार?

या योजनेतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नातेवाइकांनी नीट समजून घ्यावे. अंगीकृत रुग्णालयात, यादीतील आजारासाठी, पूर्वमान्यता मिळाल्यानंतर रुग्ण दाखल झाला, तर शस्त्रक्रिया, औषधे व भोजन हे सर्व ठरलेल्या पॅकेजमध्ये येते. रुग्णालयातील आरोग्यमित्र त्यासाठी मार्गदर्शन करतो. परंतु आजाराचे निदान होईपर्यंतचा काळ, बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी, मधुमेह व रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या, यादीत नसलेला ताप किंवा साधे हाड मोडणे हा सारा खर्च कुटुंबाच्या खिशातून जातो. शिवाय नायगावचा रुग्ण विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला गेला, तर सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, ती कोणत्याच पॅकेजमध्ये धरलेली नाही. पाच लाखांचा आकडा मोठा असला, तरी बहुसंख्य गरीब कुटुंबे ज्या दोन-पाच हजारांसाठी सावकाराच्या दारी जातात, ते दोन-पाच हजार त्याच्या बाहेरच राहतात.

दुसरा उगम आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. विधिमंडळाने १९८५ मध्ये त्यात कलम ४१ कक समाविष्ट केले. शासनाकडून साहाय्य वा सवलती मिळवणाऱ्या आणि वार्षिक खर्च पाच लाखांहून अधिक असलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय आहे. कलम झाले, पण ते अमलात कसे आणावे याची स्पष्टता नव्हती. अखेर एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी आदेश देऊन सविस्तर योजना मंजूर केली व ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. येथे आधार अधिनियमाचा व न्यायालयाच्या आदेशाचा असल्याने ही खाट रुग्णाचा हक्क आहे, रुग्णालयाची मेहरबानी नव्हे. सध्या वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेले कुटुंब निर्धन व ३ लाख ६० हजारांपर्यंत असलेले दुर्बल घटक मानले जाते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका चालते. निर्धन रुग्णास संपूर्ण उपचार विनामूल्य, तर दुर्बल घटकातील रुग्णास सवलतीच्या दराने मिळतात. तातडीच्या प्रसंगी रुग्णास प्रथम दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करावयाची असते. या दोन्ही घटकांतील रुग्णांकडून अनामत रक्कम मागता येत नाही.

हा खर्च भागतो कशातून? वाणिज्य शाखेच्या माणसास हा प्रश्न आधी सुचतो. उपरोक्त योजनेनुसार निर्धन व दुर्बल वगळता अन्य रुग्णांच्या देयकांच्या एकूण रकमेपैकी २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टरांची देखभाल, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नसतात. औषधे, साहित्य व शरीरात बसवावयाचे सुटे भाग खरेदीच्या किमतीने या निधीतून भागवायचे असतात. समजा, एखाद्या रुग्णालयाची अशी देयके महिन्याला १० लाख रुपयांची झाली, तर निधीत २० हजार रुपये येतील. पुण्या-मुंबईच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात कोट्यवधींची देयके होतात, त्यामुळे तेथील निधी भरलेला राहतो व प्रश्न असतो तो योग्य रुग्णापर्यंत तो पोहोचण्याचा. आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. येथे पूर्ण देयक भरणारा रुग्णच थोडा, म्हणून २ टक्क्यांची रक्कम लहान. आणि निर्धन रुग्ण अधिक, म्हणून गरज मोठी. मांडीच्या हाडात सळई बसवण्याच्या एक-दोन शस्त्रक्रिया झाल्या की महिन्याचा निधी आटतो. जेथे गरिबी अधिक तेथे गरिबांचा निधी कमी, असा हा हिशेब आहे; सूत्र सर्व राज्याला एकच लावल्याचा तो परिणाम होय. विधिमंडळात धर्मादाय रुग्णालयांवर जेव्हा जेव्हा टीका होते, ती बव्हंशी शहरांतील उदाहरणांवरून होते, आणि ती अनेकदा रास्तही असते. पण बिलोली, देगलूर, मुखेड, नायगाव या पट्ट्यातील रुग्णालयाची अडचण त्या चर्चेत क्वचितच उमटते.

देणगीचे स्थान नेमके येथे आहे. गरीब रुग्णांच्या उपचारासाठी म्हणून आलेली देणगी याच निधीच्या खात्यात जमा करता येते व तिचा विनियोग त्याच कामासाठी करणे बंधनकारक असते. शासकीय योजनेच्या यादीत न बसणारा आणि २ टक्क्यांच्या निधीत न मावणारा रुग्ण या देणगीवर बरा होतो. इमारतीसाठी दिलेल्या देणगीचा फलक भिंतीवर लागतो; या देणगीचा लागत नाही, म्हणून कदाचित ती कमी येत असावी.

तंबाखूचा विषय याच्याशी निगडित आहे, कारण तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण या सर्व व्यवस्थांच्या दारी फिरून येतो. तंबाखूवर किती कर लावावा, हे ठरवण्याचा अधिकार जुलै २०१७ पूर्वी बऱ्याच अंशी राज्याकडे होता. मार्चच्या अर्थसंकल्पात विक्रीकराचा दर बदलला की पानटपरीवर दुसऱ्या दिवशी चर्चा होई. मे २०१७ मधील विशेष अधिवेशनात आपल्या विधिमंडळाने वस्तू व सेवा कराचा राज्य कायदा संमत केला आणि तेव्हापासून दर ठरतो तो केंद्र व राज्यांच्या संयुक्त परिषदेत. या परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत गुटखा, सिगारेट व तंबाखूसाठी ४० टक्के दर ठरवला, मात्र बिडीवरील दर २८ वरून १८ टक्के करण्याचे ठरवले. बिडी वळणाऱ्या हजारो महिलांचा रोजगार सोलापुरात व आपल्या सीमेपलीकडे निजामाबाद भागात त्यावर अवलंबून आहे, हे खरे. तरी विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला हा भेद कळत नाही. गुटख्याची गोष्ट निराळी. ऑगस्ट २००२ मध्ये राज्याने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरवली. जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पण त्या कायद्यात असा आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो वर्षानुवर्षे नव्याने काढावा लागतो. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३१.४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करत होते; २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. कर व बंदी यांचा उपयोग होतो, असे मानण्यास एवढा आधार पुरेसा आहे. शस्त्रक्रियेचा खर्च योजना उचलते, परंतु तोंडातील पांढरा चट्टा वेळीच दाखवण्यासाठी माणसाला बाह्यरुग्ण विभागातच यावे लागते, आणि तो विभाग योजनेबाहेर आहे.

शेवटी शिधापत्रिकेविषयी, कारण आमच्या खिडकीवर सर्वाधिक अश्रू तिच्यावरून येतात. योजनेत कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरील नावे. नवऱ्यापासून विभक्त होऊन माहेरी आलेल्या लेकीचे व तिच्या मुलांचे नाव सासरच्या पत्रिकेवर असते. ती पत्रिका मिळत नाही आणि माहेरच्या पत्रिकेवर नाव चढलेले नसते. मुलाचा ताबा कोणाकडे, हा वाद न्यायालयात चालू असतो. मुलाचा ताप त्यासाठी थांबत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पित्याचे नाव नैसर्गिक पालक म्हणून प्रथम घेतले आहे, तरी पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळच असावे, असे त्याच कलमात म्हटले आहे. आणि पित्याच्या अनुपस्थितीत, तो हयात असतानाही, आई पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. म्हणून आईची सही आम्ही ग्राह्य धरतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल आजीसोबत आले, तरी अडवत नाही. बारा वर्षांखालील बालकाच्या हिताच्या उपचारास, ज्याच्या ताब्यात ते कायदेशीरपणे आहे त्याची संमती भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार चालते, आणि जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीवाचूनही उपचार करण्यास कलम ३० संरक्षण देते. उपचार होतात. मात्र योजनेचे पैसे पत्रिकेशिवाय येत नाहीत, आणि तो भार निर्धन रुग्ण निधीवर पडतो.

यासाठी नातेवाइकांना विनंती आहे की, विभक्त झालेल्या लेकीचे व तिच्या मुलांचे नाव सासरच्या पत्रिकेतून कमी करून माहेरच्या पत्रिकेवर चढवण्याचा अर्ज तहसील कार्यालयात आजारपण येण्यापूर्वीच करावा. नवजात बालकाचा जन्मदाखला व पालकासोबतचे छायाचित्र जपून ठेवावे. मुखेड, कंधार, लोहा परिसरातून टोळ्या दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघतात; त्याआधी घरी राहणाऱ्या आजी-आजोबांकडे शिधापत्रिकेची व आधारपत्रांची एक प्रत देऊन जावी. कागद अपुरे असतील त्यांनी आमच्या वैद्यकीय समाजसेवकांना सोमवार ते शनिवार केव्हाही भेटावे. अर्ज भरून देण्याचे कोणतेही शुल्क घेतले जात नाही.